दाखल होण्यापूर्वीपासून डिस्चार्जपर्यंत : रुग्णालयाचे बिल आणि उपचारांचा दर्जा कसा तपासावा

रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर होणारे बहुतेक वाद उशिरा सुरू होतात. शस्त्रक्रिया होऊन गेलेली असते, रुग्णाला घरी न्यायला खाली टॅक्सी उभी असते, आणि हातात पडलेला आकडा आधी सांगितलेल्या आकड्याच्या दीडपट निघतो. त्या घडीला नातेवाइकांकडे ना लेखी अंदाज असतो, ना रोजची नोंद, ना पॉलिसीच्या अटींची माहिती. मग आवाज चढतो आणि शेवटी पैसे भरले जातात. बिलाचा मोठा भाग दाखल होण्यापूर्वी घेतलेल्या तीन-चार निर्णयांत ठरून गेलेला असतो आणि उरलेला भाग वॉर्डात रोज थोडाथोडा चढत असतो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. उपचारांचा दर्जा तपासण्याचे काम वेगळे धरू नये, कारण ज्या वहीत खर्चाची नोंद होते, त्याच वहीत दर्जाचीही होते.

हा क्रम मुंबईत ठरवून करायच्या उपचारांसाठी आहे. अपघात, छातीत दुखणे, पक्षाघात अशा प्रसंगी जवळचे सक्षम रुग्णालय गाठावे आणि पहिले पाच टप्पे रुग्ण स्थिर झाल्यावर, शक्यतो पहिल्या चोवीस तासांत, पूर्ण करावेत. आणीबाणीत डिपॉझिट नाही म्हणून प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत.

## टप्पा १ : पैसे कोणत्या वाटेने येणार, हे आधी ठरवणे

लोक आधी डॉक्टर ठरवतात, मग रुग्णालय, आणि शेवटी विचारतात की येथे योजना चालते का. हा क्रम उलटा असावा, कारण योजना आणि सवलती रुग्णालयानुसार बदलतात, आणि एकदा पैसे भरून उपचार सुरू झाले की मागे फिरणे फार अवघड जाते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि पांढऱ्या शिधापत्रिकेचे कुटुंबही आता तिच्या कक्षेत येते. मध्यमवर्गीय घरांत ही गोष्ट अजून माहीत नसते. "ती योजना आपल्यासाठी नाही" असे गृहीत धरून मंडळी चौकशीच करत नाहीत. योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन त्यांना भेटावे किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारावे. प्रश्न नेमका असावा : आपला आजार योजनेच्या यादीत आहे का, आणि हे रुग्णालय त्याच विशेषज्ञतेसाठी योजनेत आहे का? हृदयविकारासाठी योजनेत असलेले रुग्णालय अस्थिरोगासाठी नसू शकते.

दुसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची. मुंबईतील अनेक मोठी, झगमगीत खासगी रुग्णालये सार्वजनिक न्यासांची आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात, तसेच बिलांच्या एकूण रकमेतील २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. निर्धन रुग्णासाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, तर दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातील समाजसेवा अधिकाऱ्यांना दाखल होण्यापूर्वी भेटावे.

तिसरी वाट महापालिकेच्या आणि शासनाच्या रुग्णालयांची : केईएम, सायन, नायर, कूपर, जे. जे. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी येथे थांबावे लागते, रांगा लांब असतात आणि नातेवाइकाची धावपळ खूप होते. तरीही गुंतागुंतीच्या आजारात तेथील प्राध्यापक डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय मोठा खर्च अंगावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केसपेपरच्या नाममात्र खर्चात मिळणारे ते दुसरे मत कधीकधी शस्त्रक्रियाच टाळते.

चौथी वाट खासगी विम्याची. तिच्यात लोक सर्वाधिक चुकतात, म्हणून तिच्या अटी पुढच्या टप्प्यात, खोलीच्या वर्गासोबत घेतल्या आहेत.

सावधान : शासकीय योजनेत आधी स्वतः पैसे भरून नंतर परतावा मागण्याची सोय नाही. नोंदणी आणि मंजुरी उपचारांआधीच हवी. तातडीच्या प्रसंगी आरोग्यमित्र फोनवरून मंजुरी घेऊ शकतात.

## टप्पा २ : खोलीचा वर्ग ठरवणे

"दोन-तीन हजारांचाच फरक आहे, आईला स्वतंत्र खोली घेऊ" हे वाक्य मुंबईत फार महाग पडते. त्याची कारणे दोन. पहिले म्हणजे बहुतेक खासगी रुग्णालयांत सर्जनचे शुल्क, ऑपरेशन थिएटरचे भाडे, डॉक्टरांच्या व्हिजिटचे दर हे सर्व खोलीच्या वर्गानुसार चढतात. तेच सर्जन, तेच थिएटर, तेच टाके. जनरल वॉर्डच्या रुग्णाला एक दर, डिलक्स खोलीच्या रुग्णाला दुसरा. दुसरे कारण पॉलिसीतील खोलीभाड्याची मर्यादा. ती ओलांडली की अनेक पॉलिसींत केवळ भाड्यातला फरक नव्हे, तर संबंधित उपचारखर्चही त्याच प्रमाणात कापला जातो.

माझ्या आत्याच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी पूर्व उपनगरातील एका रुग्णालयात आम्ही हीच चूक केली होती. हिशेब समजण्यासाठी सरळ आकडे घेऊ. विमारक्कम ५ लाख, खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. खोली घेतली ८,००० रुपयांची, मुक्काम ३ दिवसांचा. डॉक्टर, भूल, थिएटर, नर्सिंग मिळून खर्च १,६०,००० रुपये. कंपनी या खर्चाचा पाच-अष्टमांश भाग, म्हणजे १,००,००० रुपये देते; ६०,००० रुपये आपल्यावर येतात. शिवाय भाड्यातला फरक ९,००० रुपये. वरची खोली घेण्याची किंमत ९,००० वाटत होती, ती ६९,००० निघाली, आणि कर त्याहून वेगळा.

मात्र ही कपात सरसकट लावता येत नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या सूचनांनुसार औषधे, कन्झ्युमेबल्स (एकदा वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट (शरीरात बसवायचे कृत्रिम भाग) आणि तपासण्या यांच्या खर्चावर, तसेच आयसीयूच्या शुल्कावर ती लागत नाही. कपातीचे पत्र हाती आल्यावर हे रकाने आवर्जून पाहावेत.

तपासून घ्यावे :

- पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रुपयांत आहे, टक्क्यांत आहे की "सिंगल प्रायव्हेट एसी खोली" अशा वर्गात?
- मोतीबिंदू, सांधेरोपण अशा उपचारांवर स्वतंत्र कमाल रक्कम आहे का?
- प्रत्येक बिलात ठरावीक वाटा स्वतः भरण्याची अट आहे का? ज्येष्ठांच्या पॉलिसींत ती बऱ्याचदा असते.
- पूर्वीच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ संपला आहे का?

दाखल झाल्यावर हव्या त्या वर्गातली खोली रिकामी नसेल आणि रुग्णालय वरच्या वर्गात पाठवत असेल, तर "खालच्या वर्गाच्या दराने बिल होईल" असे ॲडमिशनच्या कागदावर लिहून घ्यावे. तोंडी आश्वासन देणारी व्यक्ती डिस्चार्जच्या दिवशी रजेवर असण्याची शक्यता मोठी असते.

## टप्पा ३ : लेखी अंदाज घेणे आणि तो वाचणे

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या बदलांनुसार खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. खाटेचे आणि आयसीयूचे रोजचे शुल्क, डॉक्टरांची प्रत्येक व्हिजिट, भूल, थिएटर, नर्सिंग, ऑक्सिजन, मॉनिटर, तपासण्या यांचे दर त्यावर असायला हवेत. या फलकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. फलक दिसला नाही तर मागावा. मागण्यात संकोच कसला?

त्यानंतर आपल्या शस्त्रक्रियेचा अंदाज रुग्णालयाच्या छापील कागदावर, सही-शिक्क्यासह, खोलीच्या वर्गाच्या उल्लेखासह घ्यावा. शक्य असल्यास दोन-तीन रुग्णालयांचे अंदाज एकाच वर्गासाठी घ्यावेत. एकाचा जनरल वॉर्ड आणि दुसऱ्याची स्वतंत्र खोली यांची तुलना निरर्थक ठरते.

"पॅकेज" या शब्दावर विसंबू नये. पॅकेजमध्ये काय नाही, हे विचारावे. हर्नियात जाळी आणि ती बसवण्याचे टॅकर, मोतीबिंदूत लेन्सचा प्रकार, गुडघ्यात इम्प्लांट, अँजिओप्लास्टीत स्टेंट आणि फुगे, पित्ताशयात काढलेल्या भागाची हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी) : नेमक्या याच गोष्टी पॅकेजबाहेर राहतात. मुक्काम एक दिवस वाढला तर दर काय, आयसीयू लागले तर पॅकेज मोडते का, बाहेरून बोलावलेल्या डॉक्टरांचे शुल्क कोणाकडे, बिलाचा दिवस किती वाजता बदलतो, हेही त्याच कागदावर टिपून घ्यावे.

स्टेंट आणि गुडघ्याचे इम्प्लांट यांच्या कमाल किमती २०१७ पासून राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने बांधून दिल्या आहेत आणि त्या वेळोवेळी बदलतात. त्यामुळे चालू कमाल किंमत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहावी आणि अंदाजातील किंमत तिच्याशी ताडावी. किमती बांधल्यानंतर खर्च अन्य शीर्षकांखाली सरकू शकतो, म्हणून केवळ स्टेंटचा आकडा पाहून समाधान मानू नये. प्रक्रियेच्या एकूण खर्चाची तुलना करावी.

## टप्पा ४ : दर्जा ओळखणे

संगमरवरी लॉबी आणि दर्जा यांचा संबंध नसतो. रात्री दोन वाजता वॉर्डात कोण आहे, यावर दर्जा ठरतो. रुग्णालय पाहायला जावे ते संध्याकाळी उशिरा किंवा रविवारी.

पुढील प्रश्न विचारावेत. रात्रपाळीला आरएमओ, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकारी, कोण असतात आणि त्यांची पदवी कोणती? वॉर्डात एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात? आयसीयूमध्ये व्हेंटिलेटरवरच्या रुग्णासाठी स्वतंत्र परिचारिका असते का? रक्तपेढी, सीटी स्कॅन आणि भूलतज्ज्ञ चोवीस तास उपलब्ध असतात, की बाहेरून बोलवावे लागतात? आपल्या सर्जननी ही शस्त्रक्रिया या रुग्णालयात वर्षाला साधारण किती वेळा केली आहे? शेवटच्या प्रश्नावर रागावणारे सर्जन मला कमी भेटले. टाळाटाळ करणारे काही भेटले, आणि त्या टाळाटाळीतूनही बरेच कळते.

कागदोपत्री तीन गोष्टी पाहाव्यात : महापालिकेचे नोंदणी प्रमाणपत्र चालू आहे का, एनएबीएच (रुग्णालयांना मानांकन देणारे राष्ट्रीय मंडळ) मानांकन असल्यास ते पूर्ण आहे की प्रवेशस्तराचे आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, आणि डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी. मानांकन असणे चांगलेच, परंतु ते व्यवस्थेचे प्रमाणपत्र आहे, एखाद्या शस्त्रक्रियेच्या निकालाचे नव्हे.

## टप्पा ५ : दाखल होण्याचा दिवस

डिपॉझिट कार्डने किंवा बँकेतून भरावे आणि पावती लगेच घ्यावी. २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, त्यामुळे "रोख द्या, सवलत देतो" या बोलण्याला भुलू नये. कॅशलेससाठी (विमा कंपनीने बिल थेट रुग्णालयाला देण्याच्या सोयीसाठी) ठरवून दाखल होताना दोन-तीन दिवस आधी, तर तातडीत चोवीस तासांच्या आत टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) डेस्कला कळवण्याची अट बहुतेक पॉलिसींत असते. कंपनीने कॅशलेसचा निर्णय एका तासात द्यावा, असे नियामकाचे २०२४ चे निर्देश आहेत.

संमतिपत्र कोरे असताना सही करू नये. शस्त्रक्रियेचे नाव, बाजू (डावी की उजवी), सर्जनचे नाव आणि संभाव्य धोके लिहिलेले असावेत, आणि ते मराठीत समजावून मागावेत. तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. जीव वाचवण्यासाठी तत्काळ आवश्यक असेल तेवढाच अपवाद.

## टप्पा ६ : रोजची वही

हा टप्पा सर्वाधिक कंटाळवाणा आणि सर्वाधिक उपयोगाचा आहे. दोनशे पानी साधी वही घ्यावी, रुग्णाजवळ पाळीपाळीने बसणाऱ्या प्रत्येकाने तिच्यात लिहावे आणि पाळी बदलताना वही पुढच्याच्या हाती द्यावी. रकाने चारच : तारीख-वेळ, कोण आले, काय केले, काय दिले.

डॉक्टर आले की नाव आणि वेळ लिहावी. बिलात दिवसाला दोन व्हिजिट लागलेल्या असतात आणि प्रत्यक्षात सहायक डॉक्टर एकदाच डोकावून गेलेले असतात, हा फरक वहीशिवाय सिद्ध करता येत नाही. ऑक्सिजन कधी लावला आणि कधी काढला, मॉनिटर किती वेळ होता, नेब्युलायझेशन किती वेळा झाले, फिजिओथेरपिस्ट खरोखर आले का, हे टिपावे. फार्मसीतून औषधांची पिशवी वर आली की सिस्टरांसमोर मोजून इंडेंटच्या, म्हणजे वॉर्डाने केलेल्या मागणीच्या, चिठ्ठीशी ताडावी, आणि न उघडलेली औषधे परत करण्यासाठी वेगळी ठेवायला सांगावे.

त्याच वहीत दर्जाच्या नोंदी येतात. इंजेक्शन देण्यापूर्वी हातपट्टीवरचे नाव पाहिले गेले का? हात धुतले का? सलाइनची सुई कोणत्या दिवशी लावली, तेथे लाली किंवा सूज आहे का? लघवीची नळी आजही गरजेची आहे का, हे डॉक्टरांना रोज विचारले का? अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली का? चूक दिसली तर शांतपणे आणि लगेच सांगावे. वॉर्डातील मावशी, वॉर्डबॉय आणि सिस्टर हे चोवीस तास राबणारे लोक आहेत. वही हे त्यांच्यावर उगारायचे हत्यार नव्हे, आणि तिला तसे रूप आले की माहिती मिळणे बंद होते.

दर एक-दोन दिवसांनी बिलिंग विभागातून अंतरिम बिल घ्यावे आणि वहीशी ताडावे. तिसऱ्या दिवशीची चूक चौथ्या दिवशी सांगितली तर दुरुस्त होते. दहाव्या दिवशी सांगितली तर तिच्यावर वाद होतो.

सामान्य चूक : रुग्ण आयसीयूमध्ये असताना "आत सोडत नाहीत" म्हणून नोंद सोडून दिली जाते. आयसीयूमध्येच खर्च सर्वाधिक वेगाने चढतो. तेथे रोज ठरलेल्या वेळी डॉक्टरांकडून तीन उत्तरे लिहून घ्यावीत : आज काय बदलले, कोणती नवी तपासणी किंवा औषध सुरू झाले आणि का, आयसीयूमधून बाहेर काढण्यासाठी नेमके काय सुधारायला हवे.

## टप्पा ७ : डिस्चार्जची आदली संध्याकाळ

"उद्या सोडू" असे शब्द कानावर पडले की त्याच संध्याकाळी कामाला लागावे. औषधे परत करून परताव्याची नोंद घ्यावी, तात्पुरते अंतिम बिल मागावे आणि डिस्चार्ज कार्डचा मसुदा सकाळीच तयार होईल का, हे विचारावे. डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची आहे, आणि तिच्या विलंबामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची आहे. म्हणून कागद कंपनीकडे किती वाजता गेले, ती वेळ टीपीए डेस्ककडून लिहून घ्यावी.

## टप्पा ८ : अंतिम बिल वाचणे

एका पानाचा गोषवारा स्वीकारू नये. तपशीलवार बिल हा रुग्णाचा हक्क आहे. वाचनाचा क्रम असा ठेवावा.

1. दिवस मोजावेत. दाखल होण्याचा आणि सुटण्याचा दिवस दोन्ही पूर्ण लागले आहेत का? आयसीयूमधून वॉर्डात हलवले त्या दिवशी दोन्ही खाटांचे भाडे लागले आहे का?
2. पॅकेजमध्ये असलेल्या बाबी पुन्हा सुट्या लावल्या आहेत का, हे लेखी अंदाज शेजारी ठेवून पाहावे.
3. व्हिजिट आणि उपकरणांचे तास वहीशी जुळवावेत.
4. औषधांच्या बिलात परत केलेल्या औषधांची वजावट आणि छापील कमाल किंमत पाहावी.
5. इम्प्लांटचे नाव, कंपनी आणि किंमत वेगळी दाखवलेली असावी, वेष्टनावरचे स्टिकर कागदपत्रांत चिकटवलेले असावे.
6. कर तपासावा. जुलै २०२२ पासून दिवसाला ५,००० रुपयांहून अधिक भाड्याच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो, आयसीयूवर नाही. उपचारांच्या संपूर्ण बिलावर जीएसटी लावलेला दिसला तर लगेच विचारावे.
7. हातमोजे, प्रसाधनाच्या वस्तू अशा विम्यात न बसणाऱ्या वस्तूंची यादी ६८ नावांची आहे. कंपनीने याखेरीज काही कापले असेल तर कारण लेखी मागावे.

बिल मान्य नसेल आणि तरी भरावे लागत असेल, तर पावतीच्या प्रतीवर "हरकत राखून भरणा केला" असे लिहून तारखेसह सही करावी आणि त्याच दिवशी लेखी हरकत द्यावी. बिल थकले म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयाला नाही. रकमेची वसुली कायदेशीर मार्गानेच करावी लागते. असे घडल्यास पोलिसांना बोलवावे.

## टप्पा ९ : तक्रार, योग्य दारी

पहिले पत्र वैद्यकीय अधीक्षकांना, पोच घेऊन द्यावे. सोबत वैद्यकीय नोंदींच्या प्रती मागाव्यात. लेखी मागणीनंतर ७२ तासांत त्या देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे आणि नोंदी तीन वर्षे जपून ठेवणेही.

पुढची दारे तक्रारीच्या स्वरूपानुसार वेगळी आहेत, आणि येथेच लोक महिने घालवतात. दरपत्रक नाही, रुग्णहक्कांचा भंग झाला, तर महापालिकेच्या विभाग कार्यालयातील आरोग्य अधिकारी. धर्मादाय सवलत नाकारली तर वरळीचे धर्मादाय आयुक्त कार्यालय. छापील किमतीपेक्षा जास्त दराने औषध विकले तर अन्न व औषध प्रशासन. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल किंवा हलगर्जीबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषद. ती नुकसानभरपाई देत नाही, हे लक्षात ठेवून जावे. विमा कंपनीविरुद्ध आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर वर्षाच्या आत सांताक्रूझ येथील विमा लोकपालांकडे जाता येते. तेथे ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांवर विनाशुल्क निवाडा होतो.

पैशांची भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जावे लागते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि ई-जागृती संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्या दाखल करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. रुग्णालयाशी चाललेल्या पत्रव्यवहारामुळे ती आपोआप वाढत नाही, त्यामुळे "चौकशी सुरू आहे" या उत्तरावर विसंबून दुसरे वर्ष संपू देऊ नये.